उंदीर सुटला, माणूस धरला

हदीसच्या ग्रंथांमध्ये उंदराला ‘फुवैसिका’ म्हटलं आहे. छोटा उपद्रवी, असा त्याचा ढोबळ अर्थ. हजसाठी इहराम बांधलेल्या माणसाला शिकार वर्ज्य असते. पण ज्या पाच उपद्रवी जीवांना त्या अवस्थेतही मारायची मुभा आहे, त्यांत विंचवाबरोबर उंदीरही येतो. म्हणजे उंदराला फारशी दयामाया दाखवलेली नाही. तरीही घरातल्या उंदराविषयी पैगंबर मुहंमद (स.) यांची जी सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, ती मारण्याविषयी नाही. झोपण्याआधी दार लावा, भांडी झाका, मशकीचं तोंड बांधा आणि दिवा विझवा, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घर जाळतो, असा तिचा आशय आहे. उंदीर उंदराचंच काम करणार. माणसानं आपल्या घराचा बंदोबस्त करावा, ही त्यामागची समज.

समज साधी आहे, पण आपल्या शहरांनी तिच्यासाठी फार मोठी किंमत मोजली. आज घरोघरी ‘पेस्ट कंट्रोल’वाला येतो, फवारणी करतो, पावती फाडतो आणि जातो. त्याच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात मुंबईतले मुसलमान मोहल्ले आहेत, पुण्यातल्या पेठा आहेत आणि बीड जिल्ह्यातलं एक खेडंही आहे. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. उपद्रव उंदराचा असतो आणि झडती माणसांची होते.

आसफखानाच्या मुलीनं पाहिलेला उंदीर

उंदीर आणि प्लेग यांचा संबंध गोऱ्या डॉक्टरांनी शोधला, असं आपण शाळेत शिकतो. पण हा संबंध हिंदुस्थानात फार आधी कुणीतरी डोळ्यांनी पाहिला होता आणि तो कागदावरही उतरला होता. बादशहा जहांगीरच्या ‘तुझुक-ए-जहांगीरी’ या आत्मवृत्तात १६१९ च्या सुमाराची एक नोंद आहे. तेव्हा आग्र्यात साथ होती. नूरजहाँचा भाऊ आसफखान याच्या एका मुलीनं बादशहाला ही हकीकत सांगितली. ती खान-ए-आझमच्या मुलाच्या घरात दिलेली होती. घराच्या अंगणात तिला एक उंदीर दिसला. तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता, पडत होता, पुन्हा उठत होता. तिनं दासीला सांगून तो शेपटीला धरून मांजरीपुढे टाकला. मांजरीनं झडप घातली, पण लगेच तोंडातून टाकून दिला. मग मांजर आजारी पडली. त्यानंतर दासीला गाठ आली. पुढच्या आठ-नऊ दिवसांत त्या घरातली सतरा माणसं गेली.

साथ कुठून सुरू झाली आणि कुठे गेली, याचा इतका स्वच्छ क्रम एका पडदानशीन बाईनं सांगितला आणि बादशहाला तो लिहून ठेवावासा वाटला. गढवालच्या डोंगराळ भागातही लोकांना हे ठाऊक होतं. घरात उंदीर मरून पडायला लागले की तिथले लोक गाव सोडून रानात राहायला जात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःच ही चाल नोंदवून ठेवली होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हे सगळं कागदावर होतं. कारभाराच्या टेबलावर मात्र ते नव्हतं.

मांडवीची गोदामं

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात तापाचे आणि काखेत, जांघेत गाठ आलेले रुग्ण दिसू लागले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी २३ सप्टेंबरला हा गाठीचा प्लेग असल्याचं सांगितलं. मांडवी बंदराला लागून आहे. तिथे धान्याची गोदामं होती आणि त्याच इमारतींमध्ये दाटीवाटीनं माणसं राहत होती. खाली पोती आणि वर बिऱ्हाडं. उंदराला याहून चांगली जागा शोधूनही मिळाली नसती.

प्लेगचा जंतू तेव्हा माहीत झाला होता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, अलेक्झांडर यर्सिन यांनी तो हाँगकाँगमध्ये शोधला होता आणि मेलेल्या उंदरांमध्येही त्यांना तो सापडला होता. पण जंतू उंदरातून माणसात जातो कसा, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. त्यामुळे जुनीच धारणा चालू राहिली. रोग घाणीतून, कोंदट हवेतून आणि माणसाच्या संसर्गातून येतो, असं मानून कामाला सुरुवात झाली. गटारांत कार्बॉलिकचं पाणी सोडलं गेलं. भिंतींना चुना फासला गेला. ऊन आत यावं म्हणून छपरं उघडी केली गेली. अंथरुणं जाळली गेली. राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली गेली.

यातलं काही अगदीच निरुपयोगी होतं असं नाही. पण एक घर उघडं केलं, धुतलं, हलवलं की तिथला उंदीर शेजारच्या घरात जातो. त्याच्या अंगावरच्या पिसवाही त्याच्याबरोबर जातात. साथ गल्लीतल्या एका घरातून पुढच्या घरात सरकत राहिली. लोकांनी पाय लावून पळ काढला. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं होतं.

कायदा आला, शिपाई आले

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. या कायद्यानं सरकारला घरात शिरण्याचा, माणसाला उचलून इस्पितळात नेण्याचा, प्रवासी थांबवून तपासण्याचा अधिकार दिला. कोविडच्या काळात आपण ज्या कायद्याचं नाव रोज ऐकलं, तो हाच. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणारी वाहतूकही थांबवण्यात आली.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. देवघरं, माजघरं, काही सुटलं नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यानंतर ‘केसरी’तल्या लिखाणासाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. ऑगस्टमध्ये त्यांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तैयबजी यांनी. याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. एकाच साथीनं लोकांना छळणारे अधिकारीही दाखवले आणि आजाऱ्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी सावित्रीमाईही दाखवली.

मुंबईत विरोध त्याआधीच सुरू झाला होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती. मुसलमान मोहल्ल्यांच्या तक्रारी यात आणखी भर घालणाऱ्या होत्या. परक्या पुरुषानं घरातल्या बायकांच्या काखा-जांघा तपासणं कुणालाही सहन होण्यासारखं नव्हतं. मृतदेहाची तपासणी होईपर्यंत दफन थांबवलं जाई. मय्यतीला गुस्ल घालून शक्य तितक्या लवकर दफन करणं ही आपल्याकडची रीत. ती मोडली जात होती.

या विरोधाला तेव्हाच्या इंग्रजी कागदपत्रांत अडाणीपणा, कर्मठपणा अशी लेबलं लावलेली दिसतात. मला ती पटत नाहीत. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून पळू नका, ही शिकवण मुसलमानांना तेराशे वर्षांपासून माहीत होती. खलिफा उमर (रजि.) सीरियाला निघाले असताना अमवासच्या साथीची बातमी आली. त्यांनी सल्लामसलत केली आणि वाटेतूनच माघारी फिरले. ज्या समाजाच्या स्मृतीत हा प्रसंग आहे, त्याला अंतर राखणं म्हणजे काय हे इंग्रजांनी शिकवायची गरज नव्हती. लोकांचा राग अब्रूवर हात टाकण्याचा होता.

मदनपुऱ्यातला मार्च

९ मार्च १८९८ रोजी हा राग फुटला. मदनपुऱ्यात जुलाहे, म्हणजे उत्तरेतून येऊन स्थायिक झालेले मुसलमान विणकर, मोठ्या संख्येनं राहत. प्लेगच्या पथकानं तिथल्या एका आजारी मुलीची तपासणी करायचा प्रयत्न केला. घरच्यांनी अडवलं, गर्दी जमली, दगड सुटले. पोलिसांनी आणि लष्करानं गोळ्या चालवल्या. माणसं मेली, गोरेही मारले गेले. पुढे गोदी कामगार आणि गाडीवाले संपावर गेले. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही.

दंगलीनंतर सरकारनं आपली रीत सैल केली. झडत्या कमी झाल्या, जमातींच्या पुढाऱ्यांना बरोबर घेतलं जाऊ लागलं. निरनिराळ्या जमातींनी स्वतःची प्लेग इस्पितळं उभारली होतीच, मुसलमान जमातीही त्यांत होत्या. तिथे आपल्या माणसांचं जेवण, आपला पडदा, आपली नमाज सांभाळली जाई. लोक अशा ठिकाणी आपणहून जात.

लसीची गोष्टही अशीच आहे. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तिचा प्रयोग झाला. लोक घाबरत होते. तेव्हा विशीतल्या आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आपली वास्तूही वापरायला दिली. हाफकिन हे ओडेसाचे ज्यू होते. एका ज्यू शास्त्रज्ञाच्या सुईखाली एका मुसलमान इमामानं हात धरला आणि खोजा जमातीतले लोक लस घ्यायला पुढे आले. सोजिरांच्या बंदुकीनं जे साधलं नाही, ते विश्वासानं साधलं.

सहा झोपड्या

आता उंदराकडे येऊ. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत एक साधा प्रयोग केला आणि उंदराची पिसू प्लेग पसरवते असं दाखवलं. बरीच वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नाही. मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन त्याच दिशेनं शोध घेत होते. राणीच्या बागेत काही गिनीपिग प्लेगनं मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा असल्याचं लिस्टन यांना दिसलं. १९०५ नंतर प्लेगच्या संशोधनासाठी नेमलेल्या मंडळानं मुंबईतच हा प्रश्न तडीस नेला.

त्यांचा एक प्रयोग मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो. त्यांनी सहा झोपड्या बांधल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त छपराचा. दोन झोपड्यांवर आपली देशी कौलं घातली, ज्यांच्या पोकळीत उंदीर मजेत राहतात. दोनवर चपटी कौलं घातली, त्यांत उंदीर राहतात पण कमी. उरलेल्या दोनवर पन्हळी पत्रा. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी लावली, म्हणजे उंदीर खाली उतरू शकणार नाही, पण पिसू मात्र खाली पडू शकेल. मग काही दिवस जाऊ दिले. छपरांत उंदरांनी घर केलं. त्यानंतर जमिनीवर निरोगी गिनीपिग आणि प्लेगची लागण केलेले गिनीपिग एकत्र सोडले. कौलांच्या झोपड्यांत निरोगी गिनीपिगांना प्लेग झाला. पत्र्याच्या झोपड्यांत झाला नाही. तिथेही आजारी आणि निरोगी प्राणी एकमेकांना चिकटून राहत होते, एकत्र खात होते, तरी काही झालं नाही. कारण छपरात उंदीर नव्हते आणि म्हणून खाली पिसवा नव्हत्या.

या प्रयोगाचा अर्थ काय होतो ते पाहा. आजाऱ्याला घरातून ओढून नेणं, बायकांना रस्त्यात उभं करून तपासणं, यातलं बहुतेक काही गाठीच्या प्लेगला रोखत नव्हतं. आजारी माणूस नव्हे, तर घराचं छप्पर निर्णायक होतं. जी झडती चालली, ती चुकीच्या मुक्कामावर चालली होती.

पाडापाडी आणि मोजदाद

हे कळल्यावर घरं सुधारायला हवी होती. त्यासाठीची संस्था आधीच उभी होती. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला होता. त्यानं दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. नागपाडा, आग्रीपाडा, इमामवाडा अशा भागांत बीआयटी चाळी बांधल्या. त्या आजही लोकांना ठाऊक आहेत. पण घर गेलेल्या सगळ्यांना नवी घरं मिळाली नाहीत. विस्थापित गरीब शेजारच्या वस्तीत गेले आणि तिथली दाटी वाढली. उंदरांनाही तेच हवं होतं.

दुसरा मार्ग स्वस्त होता, उंदीर मारायचा. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात आजही ‘मूषक संहारक’ हे पद आहे. रात्रपाळीला हातात काठी आणि विजेरी घेऊन माणसं बाजारांत आणि घरगल्ल्यांत उतरतात. एका रात्रीत तीस उंदीर, असा त्यांचा कोटा सांगितला जातो. तीस भरले नाहीत तर हजेरीचा प्रश्न येतो. जुन्या मुंबईतल्या दोन इमारतींच्या मधली अरुंद फट म्हणजे घरगल्ली. मैला उचलायला सफाई कामगार तिथून ये-जा करत. आज तिथे वरच्या मजल्यांवरून फेकलेलं खरकटं असतं. ते खरकटं कोण टाकतं, हे कुणी मोजत नाही. उंदीर मात्र सकाळी मोजून घेतले जातात.

मामला आणि सुरत

प्लेग संपला असं आपण धरून चाललो होतो. मग १९९४ उजाडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला होता. त्या भीतीनं मराठवाड्यातल्या अनेक गावांतले लोक पक्की घरं सोडून बाहेर राहिले. धान्य मात्र आतच राहिलं. माणूस नाही आणि धान्य भरपूर, अशा घरांत उंदीर वाढले. ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचे रुग्ण सापडले. आधी घरांत उंदीर मरून पडले होते. आसफखानाच्या मुलीनं पावणेचारशे वर्षांपूर्वी जो क्रम सांगितला, तोच इथेही होता.

पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यानंतर महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी १९९५ पासून कचरा, गटारं आणि अतिक्रमणं यांवर काम केलं. अधिकाऱ्यांना रोज सकाळी वस्तीत उतरवलं. घाणेरडं म्हणून नाव पडलेलं शहर दोन वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं जाऊ लागलं. तिथे कुणाच्या घरात सोजीर शिरला नाही. कचरा वेळेवर उचलला गेला.

आपल्या दारातली फवारणी

मी राहतो ती इमारत जुनी आहे आणि तिलाही घरगल्ली आहे. इथे प्रत्येक घर आपापला पेस्ट कंट्रोलवाला बोलावतं. मागच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या एका घरानं झुरळांसाठी वर्षाचा करार केला. एका सेवेचा माणूस आला, सिंकखाली औषध लावून गेला. आठवड्याभरात ती झुरळं नळाच्या पाइपाभोवतीच्या फटीतून आमच्या मोरीत आली. मग आम्ही त्याच सेवेला बोलावलं आणि झुरळं खालच्या मजल्यावरच्या खालाजानच्या ओट्याखाली गेली. तिघांनी पैसे भरले. फटीत सिमेंट भरायला तिघांचे मिळून त्याच्या दहाव्या भागाइतकेही लागले नसते. शेवटी ते आम्हीच भरलं.

हे नुसतं पैशांचं नुकसान नाही. उंदीर, ढेकूण मारण्यासाठी काही लोक घरात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. धान्याच्या गोदामांसाठीचं हे औषध हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडतं. तो भिंतीची मर्यादा पाळत नाही. शेजारच्या घरातली झोपलेली लेकरं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. १९५८ मध्ये केरळमध्ये कीटकनाशक सांडलेल्या धान्यामुळे शंभराहून अधिक माणसं मेली आणि त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्यानुसार व्यावसायिक फवारणीसाठी परवाना लागतो आणि या गोळ्यांचा घरगुती वापर करायला सामान्य माणसाला परवानगी नाही. म्हणून फवारणीवाल्याला दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. परवाना दाखव आणि औषधाचं नाव पावतीवर लिही. तो टाळाटाळ करत असेल तर त्याला दारातूनच सलाम करावा. फवारणीचा दिवस वर-खाली आणि शेजारी आधी सांगणं हे तर शेजाऱ्याचं हक्काचं देणं आहे.

उंदराचं म्हणाल, तर त्याच्या पिल्लाला करंगळीएवढं भोक पुरतं. ते भोक बुजवणं, न्हाणीला जाळी लावणं, पीठ आणि तांदूळ झाकणाच्या डब्यात ठेवणं, रात्रीचं खरकटं गल्लीत न टाकणं, ही कामं विषापेक्षा जास्त टिकतात. पावसाळ्यात याचं महत्त्व आणखी वाढतं. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टो २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत किती जीव घेऊन गेला, हे विसरून चालणार नाही.

मुसलमान वस्ती म्हणजे घाण, असं म्हणणारी माणसं आजही भेटतात. घर भाड्यानं देताना हेच कारण वेगळ्या शब्दांत पुढे येतं. ज्या गल्लीत कचऱ्याची गाडी दोन दिवसांआड येते, तिथल्या माणसांना नावं ठेवणं सोपं आहे. गाडी का येत नाही, हे विचारणं अवघड. ते विचारलं पाहिजे, वॉर्डात अर्ज देऊन विचारलं पाहिजे. त्याचबरोबर खिडकीतून पिशवी खाली टाकणारा हात आपल्याच घरातला असतो, हेही आपल्या मोहल्ल्यात मोठ्यानं बोललं पाहिजे. जुम्म्याच्या खुतब्यात याला दोन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ होईल. आणि इमारतीच्या पुढच्या सभेत फवारणीचे दर मागवण्याआधी घरगल्लीचा विषय घ्यावा. ती गल्ली सगळ्यांची आहे, म्हणून ती आजवर कुणाचीच झाली नाही.